इंटरवलनंतरची बाई

जालना,
रविवार, १३ नोव्हेंबर १९७७

सौ. बेबीनंदास,
सप्रेम जयभीम.

तू आणि यशू आष्टीला सुखरूप पोचल्याचं कचरूच्या कार्डावरून कळलं. तुझा भाऊ चार ओळींचं कार्ड लिहितो आणि त्यातल्या दोन कापसाच्या असतात. यशू माझी आठवण काढते का, हे त्याला लिहायचं सुचलं नाही. तू लिही. बाळंतपण होईपर्यंत जड उचलू नकोस, आईंचं ऐक.

आज सकाळी सिनेमा पाहिला. टॉकीजवाल्यानं कुठून तरी जुना विलायती सिनेमा आणला होता, बिनरंगाचा. सगळा सिनेमा रेल्वेगाडीतच घडतो असं कळल्यावर आमच्या पार्सल ऑफिसात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. शेवटी मी आणि रामकिसन हमाल, दोघं गेलो. इंग्रजी अर्धंमुर्धं कळलं, पण गाडीला भाषा लागत नाही.

डोंगराळ मुलूख, सगळीकडे बर्फ. एक तरुण पोरगी डब्यात चढते. समोर एक जाडजूड विधवा म्हातारी, मांडीवर लग्नाच्या केकचा हा एवढा खोका. दोघींचं गूळपीठ जमतं. म्हातारी खोका किलकिला करून पोरीला बोटभर मलई चाखायला देते. मग बोगदा येतो. (बोगद्याआधी ड्रायव्हरनं शिट्टी दिली नाही. आपल्या लाइनवर असता तर घरी बसला असता.) गाडी बोगद्यातून बाहेर पडते तर समोरची जागा रिकामी. म्हातारी नाही आणि केकही नाही.

पोरगी डबाभर विचारत फिरते. सगळे म्हणतात, इथं कुणी बाई नव्हतीच. दोन साहेब पत्ते खेळत असतात. त्यांनी म्हातारीला डोळ्यांनी पाहिलेलं असतं, पण खरं बोललं तर गाडी थांबेल आणि डाव मोडेल, म्हणून तेही नाही म्हणतात. रामकिसन हसून हसून खुर्चीतून घसरला. गार्ड तर निशाण असं धरतो की मला बघवेना. डब्यांची जोडणीही ढिली होती, वळणावर स्पष्ट दिसलं. शेवटी पोरगी साखळी ओढते. गाडी बर्फात उभी राहते, गार्ड येतो आणि दरडावून विचारतो की बाई होती याला पुरावा काय. पोरगी आपलं बोट बघते, तर मलई तिनं कधीच चाटून टाकलेली. इथं इंटरवल.

अंतर्देशीय पत्राची जागा संपली. माझ्या जेवणाची काळजी करू नकोस. शेजारच्या खोलीत त्या नवीन नर्सबाई आल्यात ना, कौसल्याबाई, त्या कधीमधी वाटीभर भाजी देतात.

तुझा,
साहेबराव


आष्टी,
१९ नोव्हेंबर १९७७

यशूच्या बाबांना,
सप्रेम जयभीम.

पत्र पोचलं. यशू तुमची आठवण काढते. दारावरून कुणीही टोपीवाला गेला की बाबा म्हणते, तेव्हा तुम्ही फार फुगून जाऊ नका.

सिनेमा मी आईला आणि गल्लीतल्या बायकांना वाचून दाखवला. म्हातारी नाहीशी झाली तिथं सगळ्या जवळ सरकल्या. मग गार्डाचं निशाण आणि डब्यांची जोडणी आली तेव्हा आईनं विचारलं, “हे जावईबापू सिनेमा पाहून राह्यले का ड्युटी करून राह्यले?” मी म्हटलं, त्यांचं असंच असतं. इंटरवलपर्यंतचा सिनेमा म्हणजे इंजिन, रूळ आणि शिट्ट्या. माणसं माझ्या अर्ध्यात येतात.

त्यावरून बायकांना आपली रीत सांगावी लागली. यशू टॉकीजच्या अंधारात रडते, म्हणून इंटरवलपर्यंत तुम्ही आत आणि मी बाहेर लिंबाखाली तिला घेऊन. मग तुम्ही बाहेर येणार, यशू तुमच्याकडे, गेटपास माझ्याकडे, आणि उरलेला सिनेमा मी पाहणार. घरी आल्यावर दोघांनी आपापला अर्धा सांगायचा. बायका म्हणाल्या, असं कुठं असतं का. मी म्हटलं, आमच्यात असतं. मला तो सिनेमा पाहण्याहून सांगायला जास्त आवडतं, हे मात्र त्यांना सांगितलं नाही.

या खेपेला यशू नव्हती, म्हणजे माझा अर्धाही तुम्हीच पाहिला असणार. लवकर लिहा. म्हातारीचं काय झालं ते कळल्याशिवाय आईला चैन नाही, आणि मलाही नाही.

आणि ती भाजी कशाची होती? शेजारणीची वाटी रिकामी परत देत नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही तिच्या वाटीत काय घालून दिलंत तेही लिहा.

बेबीनंदा


जालना,
२५ नोव्हेंबर १९७७

सौ. बेबीनंदास,
सप्रेम जयभीम.

भाजी मेथीची होती. वाटीत साखर घालून दिली. आता सिनेमाचं ऐक.

गार्ड पोरीला दंड सांगतो आणि गाडी पुन्हा निघते. पोरगी खाली मान घालून डब्याडब्यातून चालली आहे. एका डब्यात एक गोरटेली बाई बसलेली, तिच्या खांद्यावर तपकिरी शाल. शालीला हिरवा काठ, आणि एका कोपऱ्यात उसवलेलं होतं ते दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्यानं रफू केलेलं. ही शाल तर म्हातारीची. पोरगी नुसती बघून घेते. पुढं स्वयंपाकाचा डबा लागतो. आत वाफच वाफ. कोपऱ्यात एक आचारीण पाठ करून बटाटे सोलत बसली आहे. तिनं सकाळपासून काही खाल्लेलं नाही, हे सोलता सोलता ती कच्च्या बटाट्याचा तुकडा तोंडात टाकते त्यावरून पोरीला समजतं. तीच म्हातारी.

गोष्ट अशी की केक जिच्या लग्नाचा, ती नवरी म्हातारीचीच लेक. लहानपणी परिस्थितीपायी मोठ्या घरी देऊन टाकलेली. त्या घरच्यांना म्हातारी लग्नाला यायला नको होती. त्यांनीच गाडीतल्या सगळ्यांना फितवलं, की बाई नव्हतीच म्हणा. शाल घेतलेली ती नवरीची दत्तक आई. तिच्याही डोळ्यांखाली काळं आलेलं असतं, म्हणजे झोप तिलाही नाही.

पोरगी म्हातारीला हाताला धरून सगळ्यांसमोर आणते. आता सगळ्यांच्या माना खाली. पण म्हातारी कुणावर रागावत नाही. म्हणते, तुमचाही नाइलाज असेल. खोका उघडते, केक कापते, आणि पहिला तुकडा खोटं बोललेल्या गार्डालाच देते. तो तुकडा हातात धरून रडतो. शेवटच्या ठेसनवर लेक उभी असते. ती म्हातारीचं तोंड ओळखत नाही, पण हात ओळखते. सिनेमा संपतो.

तब्येत सांभाळ. यशूला टोपीवाल्यांपासून दूर ठेव.

तुझा,
साहेबराव


आष्टी,
१ डिसेंबर १९७७

यशूच्या बाबांना,
जयभीम.

पत्र आईला वाचून दाखवलं. आई रडली, गल्लीतल्या बायका रडल्या, मीही रडले. मग चुलीपाशी आले आणि माझं डोकं ताळ्यावर आलं.

हा सिनेमा तुम्ही पाहिलेला नाही.

पहिल्या पत्रात बोगद्याची शिट्टी होती, निशाण होतं, जोडणी होती. या पत्रात गाडी आहे की नाही तेच कळत नाही. एक सिग्नल नाही. बर्फात उभी राहिलेली गाडी पुन्हा निघाली, पण ती कशी निघाली यावर तुम्ही अवाक्षर लिहिलं नाही, आणि हे तुमच्यानं होणं शक्य नाही. त्याऐवजी काय आहे, तर शालीचा काठ. रफूचा दोरा. कोण जेवलं, कोण उपाशी. कुणाच्या डोळ्यांखाली काळं. तुमच्या घरात मी तीन वर्षं आहे. मी कोणतं पातळ नेसलंय ते डोळे मिटून तुम्ही आजवर एकदा तरी बरोबर सांगितलंत का?

हे एका बाईनं पाहिलंय आणि एका बाईनं सांगितलंय. इंटरवलला तुम्ही माझा गेटपास कुणाला तरी दिलात. तिनं माझा अर्धा पाहिला आणि तुम्हाला सांगितला. अर्धा सिनेमा सांगायला वेळ लागतो, मला माहीत आहे. कुठं बसून सांगितला? तिच्या ओट्यावर की आपल्या? मध्ये चहा झाला का?

सिनेमाला कुणी बरोबर असतं तर मी एवढी जळाले नसते. लोक सिनेमाला जातात. पण रात्री दिवा बारीक करून उरलेली गोष्ट सांगायची ही माझी जागा आहे, आणि तिथं दुसरी कुणी बसली हे मला सहन होत नाही. सरळ लिहिते, मला त्या बाईचा हेवा वाटतो. ती माझ्याहून छान सांगते, याचा जास्तच वाटतो.

नाव लिहून कळवा. मेथीच्या भाजीवरून मला अंदाज आहे, पण तुमच्या हातानं लिहा.

बेबीनंदा


जालना,
८ डिसेंबर १९७७

सौ. बेबीनंदास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचून हसावं की काय करावं कळेना. अशी कुणी बाई नाही. सिनेमा मी आणि रामकिसननं पहिल्यापासून शेवटपर्यंत शेजारी शेजारी बसून पाहिला. कौसल्याबाईंना सिनेमाचा गंधही नाही, त्या दिवशी त्यांची दवाखान्यात ड्युटी होती.

शाल ठळक दिसत होती म्हणून लिहिली. आता शाल दिसली हा माझा गुन्हा का? या दिवसांत असलं डोक्यात घेऊ नये, जिवाला बरं नसतं. आईंना नमस्कार.

साहेबराव


आष्टी,
१७ डिसेंबर १९७७

यशूच्या बाबांना,

कचरू मोंढ्यात कापूस घेऊन आला होता तेव्हा तुमच्याकडे जेवून गेला, ते तुम्हाला आठवत असेल. मी त्याला सांगून पाठवलं होतं की मेहुण्याला काही विचारू नको, आधी पार्सल ऑफिसात जा आणि रामकिसनशी विडी ओढ.

रामकिसन बिचारा साधा माणूस. कचरूनं सिनेमाचा विषय काढला तर म्हणाला, “साहेब इंटरवललाच उठून गेल्ते. पोट दुखतंय म्हणले. मंग वापस आलेच न्हाईत, मी एकट्यानंच पाह्यला.”

म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत शेजारी शेजारी.

मला पहिल्यांदा वाटलं होतं, तुम्ही नाव लिहाल, मी चार दिवस रुसेन आणि होईल सगळं नीट. आता तसं राहिलं नाही. त्या सिनेमातल्या पोरीसारखं माझं झालंय. मी म्हणते बाई आहे. तुम्ही म्हणता नाही, आई म्हणते नाही, कचरू म्हणतो, “तायडे, तुला काय दुसरा उद्योग न्हाई का?” सगळ्यांना आपापला डाव संपवायचा आहे.

तेव्हा एवढंच कळवते. दिवस भरत आलेत. बाळंतपण झाल्यावर मी जालन्याला येईन की इथंच राहीन, हे तुमच्या पुढच्या पत्रावर आहे. कचरू म्हणतो, मागची खोली रिकामी आहे, तायडीला कायमची देऊ. मी अजून हो म्हटलेलं नाही. खोटं लिहिणार असाल तर पत्राचा खर्च करू नका.

बेबीनंदा


जालना,
२० डिसेंबर १९७७

बेबी,

खोटं लिहिलं, ते खरं आहे. रामकिसनचं बरोबर आहे. मी इंटरवलला उठलो आणि परत गेलो नाही. पण का, ते वाचून तू हसशील म्हणून लिहिलं नव्हतं. आता हस, पण मागच्या खोलीत सामान लावू नकोस.

दिवे लागले आणि माझे पाय आपोआप उठले. यशू झाल्यापासूनची सवय. दारावरून गेटपास घेतला, लिंबाखाली गेलो आणि यशूला घ्यायला हात पुढे केले. तिथं कुणाची तरी बायको आपलं लेकरू घेऊन उभी होती. तिनं पोराला पदराखाली घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. तिला काय सांगणार, की बाई, मी तुझं लेकरू पळवत नाही, माझी बायको इथं उभी असते.

घंटा झाली, लोक आत गेले. पास हातात होता, पण तो घेऊन आत जायचं मला जमेना. तो पास तुझा असतो. शेंगदाणेवाल्याला देऊन टाकला आणि घरी आलो. रामकिसनला जाताना पोटदुखीचं सांगितलं, कारण खरं सांगितलं असतं तर स्टेशनभर झालं असतं.

मग तुझं पत्र आलं, की माझा अर्धा लवकर लिहा. मला तो ठाऊक नव्हता. रामकिसनला विचारायला गेलो असतो तर पोटदुखी उघडी पडली असती. रात्री कागद घेऊन बसलो आणि विचार केला, बेबी असती तर कसा सांगितला असता. तू आधी कुणाच्या अंगावर काय होतं ते सांगतेस. मग कोण जेवलंय, कोण जेवलं नाही. मग कुणाला झोप नाही. गाडी कुठं चालली ते तू कधी सांगत नाहीस. मी तुझा आवाज डोक्यात धरला आणि लिहीत गेलो. म्हातारी, तिची लेक, शाल, सगळं बनवलेलं आहे. तू जिच्यावर जळतेस ती बाई तूच आहेस.

कौसल्याबाईंची वाटी मी आजपासून घेत नाही. त्यांनी कारण विचारलं तर काय सांगू तेही तूच कळव.

साहेबराव


आष्टी,
९ जानेवारी १९७८

यशूच्या बाबांना,
सप्रेम जयभीम.

मुलगी झाली ते कचरूच्या कार्डावरून कळलंच असेल. त्यानं या वेळी कापसाच्या दोन ओळी गाळल्या म्हणजे त्याला आनंद झाला असं समजा. मी बरी आहे. पोरीचे कान तुमचे आहेत.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी ते खरं मानलं नाही. “ती तूच” असं कुणीही नवरा लिहील. मग धर्मराज मास्तर आले होते, आईकडे ताक मागायला. ते औरंगाबादला कॉलेजात असताना इंग्रजी सिनेमे फार पाहायचे असं सांगत असतात. मी केकचा सिनेमा विचारला तर त्यांना पाठ होता. म्हातारी सरकारची हेर. केकच्या पोटात डबी, डबीत शत्रूच्या मुलखाचा नकाशा. तिला बांधून लगेजच्या डब्यात कोंबलेलं. मग ठो ठो गोळीबार, आणि ज्या पत्तेवाल्याला मी भित्रा समजत होते तोच नेम धरून गाडी वाचवतो. लेक नाही, शाल नाही, कुणी कुणाला केक भरवत नाही. मास्तर गेल्यावर मला इतकं हलकं वाटलं की आई म्हणाली, “काय गं, एकटीच हसून राह्यली?”

कौसल्याबाईंनी तो सिनेमा पाहिला असता तर तुमच्या पत्रात गोळीबार आला असता. तेव्हा त्या सुटल्या. वाटी घ्यायला हरकत नाही, मात्र मेथी नको.

मग मी आईला सगळं सांगितलं, आणि तुमचा अर्धा पुन्हा वाचला. आई म्हणाली, “मला तवाच वाटलं, हे तर माझी पोरच बोलून राह्यली. तुला कसं उमगलं न्हाई?” मला खरंच उमगलं नव्हतं. का उमगलं नाही, ते मी बाळंतिणीच्या खाटेवर पडून पडून शोधून काढलं.

शाल माझी आहे. उपाशी कोण हेही माझंच. पण तुमची ती म्हातारी सगळ्यांना माफ करते. ज्या गार्डानं तिला नाही म्हटलं त्यालाच पहिला तुकडा देते. हे मी सांगितलं असतं का? माझ्या म्हातारीनं त्या गार्डाला केकचा वासही येऊ दिला नसता. पत्तेवाल्यांचे पत्ते खिडकीबाहेर फेकले असते. लेकीलासुद्धा आधी दोन शब्द सुनावले असते आणि मग जवळ घेतलं असतं. तुम्ही माझा आवाज घेतलात, पण राग ठेवून दिलात. तुम्ही जालन्याला एकटे बसून एक बेबीनंदा केलीत जी कधी रुसत नाही, मेथीची चौकशी करत नाही, भावाला विडी ओढायला पाठवत नाही. तिला लेकरू पाजायचं नाही, म्हणून तिचं बोलणं मध्ये तुटतही नाही. ती रोज दिवा बारीक करून तुमच्याजवळ बसते आणि मी इथं शेपूची भाजी खाते.

कौसल्येवर मी नुसती जळत होते. हिचा मला धाक वाटतो. अजून दोन महिने मी इथं राहिले तर तुम्हाला हीच बरी वाटायला लागेल, आणि मग मी आले की म्हणाल, बेबी, तू पहिल्यासारखी राहिली नाहीस. मी पहिल्यापासून अशीच आहे.

आई म्हणते, अंगात ताकद येऊ दे. मी म्हटलं, ताकद येईल, जागा जाईल. रविवारी सुट्टी काढून न्यायला या. दोन पोरी आहेत, दोघांचेही हात भरलेले असतील, यापुढे सिनेमाचं नाव काढायला नको. आणि निघताना घराला कुलूप लावाल तेव्हा तिला बाहेर काढून लावा.

तुमची, खरी,
बेबीनंदा